गुंडोपंतांची मोहर

बसवनगुडीत, गांधीबाजाराच्या मागच्या गल्लीत रघुपतीराव जामदार राहतात. वय चौऱ्याहत्तर. एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षं लोखंड तासून निवृत्त झालेले. शेजारचा मंजुनाथ त्यांना रघू अण्णा म्हणतो, दूधवाला सार म्हणतो, आणि गॅसच्या पुस्तकावर त्यांचं आडनाव जमादार छापलेलं आहे. त्या एका काना-मात्रेसाठी रघुपतीरावांनी एजन्सीत चार खेपा घातल्या. जमादार म्हणजे शिपायांवरचा मुकादम आणि जामदार म्हणजे राजाच्या खजिन्याचा राखणदार, हे त्यांनी काउंटरवरच्या मुलीला अस्खलित कन्नडात समजावून सांगितलं. ती "सरी सार, सरी सार" म्हणाली आणि पुढच्या पुस्तकावरही जमादारच आलं.

आता एवढ्यातेवढ्यासाठी इतका जीव काढणारा माणूस वेडा म्हणावा, तर तसंही नाही. बाकी सगळ्या बाबतीत रघुपतीराव चारचौघांसारखे. सकाळी पार्कात फिरायचं, येताना कोथिंबीर आणायची, बायकोशी रेडिओच्या आवाजावरून भांडायचं. फक्त जामदारकीचा विषय निघाला की त्यांच्या अंगात यायचं.

विषय तसा मोठाच होता. हरणगट्टी नावाचं एक संस्थान होतं. राजघराणं मराठी, रयत कन्नड, एक डोंगर, दोन तळी आणि एक वाजवीपेक्षा मोठा राजवाडा. तिथे दिवाणाच्या खालोखाल मान जामदाराचा. जामदारखान्यात राजघराण्याचे दागिने, मानाची वस्त्रं, दौलतीचा सगळा ऐवज असायचा आणि त्याची किल्ली नऊ पिढ्या याच एका घराण्यात होती. नऊ पिढ्यांत अकरा जामदार झाले. त्या अकराही जणांचा इतिहास रघुपतीराव गेली वीस वर्षं लिहीत होते. सहा वह्या भरल्या होत्या, सातवी चालू होती.

पहिले मुद्गलपंत. त्यांना हुद्दा मिळाला तो लढाईत राजाची पेटी तीन दिवस डोक्यावरून वाहून आणली म्हणून. चौथे तिमाजीपंत. त्यांचं स्वतःचं घर पेटलं तेव्हा ते खजिन्याच्या दारात बसून होते, पहारा बदलल्याशिवाय उठणार नाही म्हणाले आणि उठले नाहीत. त्यांची बायको त्या आगीत गेली. हे सांगताना रघुपतीरावांची छाती फुगायची, आणि वासंतीबाई, म्हणजे त्यांची पत्नी, दर वेळी स्वयंपाकघरातून विचारायच्या, "तिचं नाव काय होतं हो?" ते कुणालाच माहीत नव्हतं. सातव्या भागीरथीबाई. नवरा वारला, दीर लहान, म्हणून अकरा महिने ही बाई पदराला किल्ली बांधून जामदारकी बघत होती. दरबारच्या कागदांत तिचं नाव नाही, घराण्याच्या यादीत आहे ते आकड्याविना. रघुपतीरावांनी मात्र तिला हट्टाने सातवा आकडा दिला होता. हे एक काम त्यांनी फार चांगलं केलं, असं वासंतीबाईंचं मत होतं.

या हुद्द्याचे तीन नेम होते. रघुपतीरावांना ते मुंजीच्या आधीपासून पाठ होते. मागितल्याशिवाय द्यायचं नाही. विचारल्याशिवाय सांगायचं नाही. आणि धनी समोर असल्याशिवाय मोहर फोडायची नाही. मागणारा, विचारणारा धनीच हवा, दुसऱ्या कुणाला उत्तर द्यायला जामदार बांधलेला नाही. जामदार बदलला की राजा स्वतः खजिन्यात यायचा, एकेका पेटीची मोहर बघायचा आणि घराण्याच्या यादीत, म्हणजे एका लांबट चोपडीत, जाणाऱ्या जामदाराच्या नावापुढे स्वतःच्या हाताने दोन शब्द लिहायचा: "मोहर शाबूत. पावलो." ती चोपडी रघुपतीरावांच्या कपाटात आहे. दहा नावांपुढे हे शब्द आहेत. अकराव्या नावापुढे कोरी जागा आहे.

अकरावे गुंडोपंत, रघुपतीरावांचे आजोबा.

एकोणीसशे एकोणपन्नास साली संस्थान विलीन झालं. सरकारी अधिकारी खजिन्याची मोजदाद करायला आले, तेव्हा सगळं जिथल्या तिथे मिळालं. फक्त राजघराण्याचा सात पदरी मोत्यांचा कंठा, मधे पाचूचं पदक असलेला, तेवढा मिळाला नाही. अधिकाऱ्यांनी गुंडोपंतांना विचारलं. ते म्हणाले, "धन्यांना विचारा." राजेसाहेबांना विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघत राहिले. झालं. गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. गुंडोपंत बडतर्फ झाले. आठ महिन्यांनी राजेसाहेब परदेशात उपचाराला गेले आणि तिकडेच वारले, राणीसाहेब मुलांना घेऊन पुण्याला गेल्या. आणि बारा गावं ज्याला मुजरा करत होती तो माणूस बंगळूरला येऊन चिकपेटच्या एका दुकानात गिऱ्हाइकाने विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घालायला लागला. मरेपर्यंत तेच केलं. त्यांच्यासारखी घडी कुणाला जमायची नाही, असं दुकानात म्हणायचे.

बंगळूरला येताना त्यांनी एक लोखंडी पेटी आणली होती, साधारण वीतभर रुंद. कडीतून रेशमी दोरी ओवलेली, दोरीच्या गाठीवर लाखेची मोहर. आत काय आहे हे त्यांनी मुलाला सांगितलं नाही, कारण मुलगा धनी नव्हता. फक्त म्हणाले, "धन्यांचं आहे. मागतील तेव्हा द्यायचं." एकदा ती पेटी काखेत मारून ते पुण्याला गेले. राणीसाहेबांच्या बंगल्याच्या पायरीवर दिवसभर बसले. चोराला आत घ्यायचं नाही असा हुकूम होता. पेटी घेऊन परत आले, दुसऱ्या दिवशी दुकानात गेले.

रघुपतीरावांच्या वडिलांनी तर्क बांधला की आत पावती असणार. राजेसाहेबांनी कंठा स्वतः नेला असणार, आणि त्याची त्यांच्या हातची पावती आजोबांनी जपून ठेवली असणार. तर्क बरा होता आणि माणसाला जगायला काहीतरी लागतं. बघता बघता घरात तो तर्क राहिला नाही, खरंच झाला. दर खंडेनवमीला पेटी पाटावर मांडायची, मोहरेला हळद-कुंकू, तेल, गंध लावायचं. पंचाहत्तर वर्षं लावलं. थरावर थर चढून मोहरेचा लिंबाएवढा लालकाळा गोळा झाला होता. मोहर कुठली, कुणाची, त्यावर काय उमटलंय, हे कुणी पाहिलं नव्हतं. पाहायला हवं असं कुणाला वाटलंही नव्हतं. पूजा करायची सोडून देवाच्या मूर्तीचे नाक-डोळे कोण तपासतो?

तर अशा परिस्थितीत आश्लेषा रणनवरेचा फोन आला.

आश्लेषा म्हणजे राजेसाहेबांची पणती. पुण्यात वाढलेली, आयटीतल्या नोकरीसाठी बंगळूरला आलेली आणि नोकरी सोडून आता हरणगट्टीच्या राजवाड्याचं हॉटेल करायला निघालेली. दरबाराच्या दालनात जुन्या हुद्देदारांच्या नावांचा मोठा फलक लागणार होता. रघुपतीराव इतिहास लिहितात हे तिला कुणाकडून तरी कळलं होतं. जयनगर फोर्थ ब्लॉकला एका चपलांच्या दुकानाच्या वर तिचं ऑफिस. रघुपतीराव इस्त्रीचा शर्ट घालून, सहाही वह्या पिशवीत घालून गेले. मुलगी चांगली होती. उठून उभी राहिली, वाकून नमस्कार केला, भागीरथीबाईंची गोष्ट ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, धिस इज गोल्ड," ती म्हणाली आणि फलकाचा कच्चा मजकूर त्यांच्यापुढे ठेवला.

भागीरथीबाई सोडून आधीची नावं बरोबर होती. शेवटचं असं होतं: "गुंडोपंत जामदार, १९३१ ते १९४९. राजकंठ्याच्या अपहाराबद्दल बडतर्फ."

रघुपतीरावांनी ती ओळ दोनदा वाचली. "हे खोटं आहे," ते म्हणाले.

"काका, आमच्या फॅमिलीत सगळे हेच सांगतात. माझी आजी तर मरेपर्यंत म्हणायची, कंठा जामदारांनी खाल्ला." मग तिला बोलल्यावर वाईट वाटलं. "आय मीन, तुमच्याकडे काही प्रूफ असेल तर मी नक्की बदलते. एनी पेपर. शुक्रवारी डिझायनरला फायनल फाईल द्यायचीये, तोपर्यंत. एकदा पितळेत कोरलं की मग नाही बदलता येणार."

"आहे," रघुपतीराव म्हणाले. "आमच्याकडे पेटी आहे."

घरी येईपर्यंत त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. पंचाहत्तर वर्षांनी धन्याच्या घरचं माणूस स्वतःहून विचारत होतं! वासंतीबाई अंगणात अवरेकाय, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग पेटी घेऊन जाऊ या तिच्याकडे," त्या म्हणाल्या. "आटोत बसलं की वीस मिनिटं. तिच्यासमोर फोडा."

"तेच करायचंय," रघुपतीराव म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी फोन लावला.

आश्लेषा त्या दिवशी हरणगट्टीला होती. मागे कुठेतरी फरशी कापण्याचा आवाज येत होता. शुक्रवारपर्यंत ती तिकडेच असणार होती. "काका, तुम्ही उघडा ना आणि मला फोटो पाठवा," ती ओरडून म्हणाली.

"मोहर आहे त्यावर. तुमच्यासमोर फोडायला हवी. तसा नेम आहे."

"अहो, नेम कसला आता! माझी परमिशन आहे, बास? उघडा तुम्ही."

फोन ठेवल्यावर वासंतीबाई म्हणाल्या, "सोमवारी येईल की ती. त्या डिझायनरला दोन दिवस थांब म्हणावं. एवढी वर्षं थांबलात, स्वल्प आणखी थांबा."

हे शहाणपणाचं होतं. रघुपतीरावांनाही ते कळत होतं. पण त्यांना थांबायचं नव्हतं, आणि शुक्रवार हे त्याचं कारण नव्हतं. कारण दुसरंच होतं आणि ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. जयनगरहून येताना आटोत त्यांच्या मनात पहिल्यांदाच एक विचार आला होता: आत पावती नसली तर? तिच्यासमोर पेटी उघडली आणि आत भलतंच काही निघालं तर? आपण खात्री करून घ्यावी, मग काय ते तिला दाखवावं. चौऱ्याहत्तर वर्षं ज्या माणसाच्या प्रामाणिकपणाची शपथ खाल्ली, त्या माणसावर रघुपतीरावांना शंका आली होती. त्यांची त्यांनाच इतकी लाज वाटली की त्यांनी तो विचार शुक्रवारच्या मागे लपवला.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला वासंतीबाई भाजीला गेल्या. रघुपतीरावांनी आंघोळ करून, सोवळं नेसून पेटी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवली. नमस्कार केला. "धन्याच्या घरची परवानगी आहे," असं मोठ्याने म्हणालेही. मग करवतीचं पातं घेऊन मोहरेच्या गोळ्याला लावलं. त्यांना वाटलं होतं, कडक असेल, जोर लावावा लागेल. लाख पंचाहत्तर वर्षांची, तेलाने पोखरलेली. पातं टेकवलं मात्र, गोळा जुन्या खारी बिस्किटासारखा चुरा होऊन वर्तमानपत्रावर पडला. दोरी हातानेच तुटली.

पेटी उघडली. आत कागद नव्हता. चिटोरंही नव्हतं.

आत मखमलीच्या तुकड्यावर कंठा होता. दोरा कुजल्यामुळे मोती सुटे झाले होते आणि पेटी हलली तसे घरंगळले. पिवळे, मलूल, मेलेले मोती. अंगावर कुणी घातले नाहीत तर मोती मरतात म्हणतात. मधलं पाचूचं पदक तेवढं हिरवंगार होतं, कालच ठेवल्यासारखं.

रघुपतीराव खुर्चीत बसले. त्यांच्या मनात पहिला शब्द आला तो 'चोर'. दुसऱ्या कुणी उच्चारला असता तर त्यांनी त्याची गचांडी धरली असती. पण तो त्यांच्याच मनात आला आणि बराच वेळ तिथेच राहिला. आपल्या बापाने आणि आपण पंचाहत्तर वर्षं चोरीच्या मालाला कुंकू लावलं. वडील दम्याने गेले, इंजेक्शनं परवडत नव्हती तेव्हा हा पाचू देवघराखालच्या फळीवर होता. बहिणीचं लग्न तीनदा मोडलं ते या चोराच्या नावाने, आणि खरोखरच चोराच्या नावाने.

वासंतीबाई भाजीची पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवली. मग त्या जवळ आल्या आणि वर्तमानपत्रावरचा चुरा बोटाने हलकेच सारला. सवयच त्यांची, काही सांडलं की आधी गोळा करायचं.

"ह्यावर काय होतं हो?" त्यांनी विचारलं.

"कशावर?"

"मोहरेवर. शिक्का असतो ना काहीतरी?"

रघुपतीरावांनी मान वर केली. तिसऱ्या वहीत त्यांनी शिक्क्यांवर अख्खं प्रकरण लिहिलं होतं. जामदारखान्याचा शिक्का अक्षरांचा होता, वर्षानुवर्षं तोच. पण राजाला एखादी वस्तू खाजगीत जामदाराच्या हवाली करायची असली, तर राजा स्वतःच्या बोटातल्या अंगठीने मोहर करायचा आणि त्या अंगठीवर घोडा होता, मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला. जामदाराला ती अंगठी हातात धरायचीही मुभा नव्हती. शेवटच्या राजेसाहेबांच्या बोटातून ती परदेशातच गेली, परत आली नाही. हे सगळं त्यांनीच लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात, लाल शाईने अधोरेखित करून.

ते भिंग घेऊन आले. दुपारी दोन वाजेपर्यंत दोघं नवराबायको तो चुरा निवडत बसली. कुंकवाची ढेपळं वेगळी, लाख वेगळी. जेवण राहिलं. सगळ्या चुऱ्यात एकच तुकडा सापडला, हरभऱ्याच्या डाळीएवढा, ज्याच्या एका बाजूला काहीतरी उमटलं होतं. भिंगाखाली रघुपतीरावांना तो दिसला: घोड्याचा मागचा पाय. खूर, घोटा, वर मांडीचा बाक. अक्षराला असा बाक नसतो.

आणि मग त्यांना सगळं एकदम कळलं. मोजदादीच्या आदल्या दिवशी राजेसाहेबांनी स्वतः कंठा पेटीत घातला, स्वतःच्या अंगठीने मोहर केली आणि गुंडोपंतांच्या हातात दिली. सरकारच्या हाती पडू नये म्हणून. मागेन तेव्हा दे. आणि मग अधिकाऱ्यांपुढे राजेसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले, नंतर मेले, आणि मागायला कुणी उरलं नाही. मागितल्याशिवाय द्यायचं नाही. विचारल्याशिवाय सांगायचं नाही. गुंडोपंतांनी द्यायची वाट बघत जन्म काढला. चोर म्हणवून घेतलं, साड्यांच्या घड्या घातल्या, पोराबाळांना फाटक्यात ठेवलं, पण मोहरेला नख लावलं नाही. त्यांच्यापाशी एकच पुरावा होता, अख्खी मोहर. तेवढा पुरेसाही होता. धन्यासमोर ती पेटी ठेवली असती तर घोड्याने सगळं सांगितलं असतं.

"मी फोडली," रघुपतीराव म्हणाले.

वासंतीबाईंनी तो तुकडा उचलून कापसावर ठेवला.

पेटीच्या मागे दोन साध्या बिजागऱ्या होत्या. पिना ठोकून काढल्या असत्या तर झाकण मागून उघडलं असतं आणि मोहर तशीच राहिली असती. छत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाचं लक्ष त्या बिजागऱ्यांकडे आता गेलं. ते ओक्साबोक्शी रडले. पत्नीने त्यांना आयुष्यात एवढं रडताना पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही.

"ठेवून देऊ या का परत?" बऱ्याच वेळाने वासंतीबाईंनी हळूच विचारलं. "कुणाला काय कळतंय? पावती सापडली नाही म्हणून सांगू."

"मग मी खरंच चोर होईन," रघुपतीराव म्हणाले.

शुक्रवारी त्यांनी फोटो पाठवला नाही, आश्लेषाचा फोनही उचलला नाही. सोमवारी दोघं आटोने जयनगरला गेली. पेटी रघुपतीरावांच्या मांडीवर होती, लाखेचा तुकडा औषधाच्या रिकाम्या डबीत, कापसावर.

आश्लेषाने पेटी उघडली आणि तोंडावर हात ठेवला. खुर्चीत बसली, परत उठली. पाचूचं पदक तळहातावर घेतलं आणि ती रडायलाच लागली. "आजी असायला हवी होती," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. रघुपतीरावांनी तिला सावरू दिलं, आणि मग सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. नेम सांगितले, अंगठी सांगितली, तिसरी वही उघडून दाखवली, डबीतला तुकडा आणि भिंग तिच्यापुढे ठेवलं. आपल्याला शंका आली होती, तेही सांगितलं. हे बायकोच्या देखत बोलताना त्यांना जड गेलं, पण सांगितलं.

तिने भिंगातून बघितलं. उजेडाकडे धरून बघितलं. मन लावून बघितलं, हे कबूल करायला हवं. "काका," ती शेवटी फार मायेने म्हणाली, "सॉरी, पण मला खरंच काही दिसत नाही. एक रेघ आहे. ती कशाचीही असू शकते ना?"

"मोहर अख्खी असती तर..."

"अख्खी असती तर प्रश्नच नव्हता." तिने डबी त्यांच्याकडे सरकवली. मग त्यांचा हात हातात घेतला. "ऐका. तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. आम्ही केस वगैरे काही करणार नाही, मी सगळ्यांशी बोलेन. तुमच्या आजोबांनी जे केलं ते केलं. तुम्ही कंठा परत आणून दिलात. किती लोक असं करतील?"

रघुपतीरावांनी डबीचं झाकण लावलं. वासंतीबाईच शेवटी म्हणाल्या, "मुली, त्यांनी काही केलं नव्हतं ग." आश्लेषाने त्यांच्याकडे बघून मान हलवली, म्हाताऱ्या माणसांच्या समाधानासाठी हलवतात तशी.

निघताना रघुपतीरावांनी पिशवीतून ती लांबट चोपडी काढली. अकराव्या नावापुढची कोरी जागा दाखवली आणि विचारलं, धनी म्हणून दोन शब्द लिहाल का? तिने वरची दहा नावं वाचली. पेन हातात घेतलं. "मोहर शाबूत, असं कसं लिहू, काका?" ती म्हणाली. "ती नव्हती ना शाबूत." यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. रघुपतीराव "बरोबर आहे" म्हणाले आणि त्यांनी चोपडी मिटली.

तीन आठवड्यांनी तिने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. पितळेचा फलक, वर झेंडूचं तोरण. खाली तिने लिहिलं होतं, काका, तुमच्यासाठी डिझायनरशी भांडून एक ओळ वाढवून घेतली. रघुपतीरावांनी चष्मा पुसून फोटो मोठा केला. अकरावं नाव असं होतं: "गुंडोपंत जामदार, १९३१ ते १९४९. राजकंठ्याच्या अपहाराबद्दल बडतर्फ. त्यांचे प्रामाणिक नातू श्री. रघुपती जामदार यांनी कंठा स्वखुशीने परत केला."

आडनाव बरोबर कोरलं होतं.

त्यांनी ताबडतोब फोन लावून ती ओळ काढायला सांगितली. निदान माझं नाव काढा, म्हणाले. गयावया केली. आश्लेषा हसली, तुम्ही किती मॉडेस्ट आहात म्हणाली, आणि पितळेत कोरलं ते आता निघत नाही हेही म्हणाली.

मंजुनाथने गल्लीत सगळ्यांना फोटो दाखवला. दूधवाल्याने सुद्धा "भाळ दोड्डदु, सार," म्हणजे फार मोठं काम केलंत, असं म्हणून हात जोडले. संध्याकाळपर्यंत तीन-चार लोक अभिनंदन करून गेले. वासंतीबाईंनी सगळ्यांना कॉफी दिली. रघुपतीराव आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत.

सातवी वही त्यांनी परत उघडली नाही. चोपडी मात्र त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, उघडली. गुंडोपंतांच्या नावापुढची जागा कोरीच ठेवली. तिच्याखाली नवी ओळ आखून बाराव्या आकड्यापुढे स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्यापुढे लिहिलं: "धनी समोर नव्हते. आजोबांवर शंका आली म्हणून मोहर फोडली."

शाई वाळेपर्यंत ते बसून राहिले. मग वासंतीबाईंना हाक मारली, आणि त्या आल्यावर चोपडी त्यांच्यापुढे ठेवून म्हणाले, "वाचून ठेव. मोहर घोड्याची होती, हे दुसऱ्या कुणाला पटलेलं नाही."